माझ्या हातांची जाहिरात

टांकसाळीत नोकरी लागल्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी एकच विनोद ऐकला. कुणाच्या घरी कार्य असो, दवाखान्याच्या बाकावर गाठ पडो, ओळखीचं माणूस हसत म्हणायचं, "तुमचं बरंय बाई, घरातच पैशाची टांकसाळ!" मीही हसायची. खरं सांगायचं तर दिवसभर जिच्याजवळ एकही नाणं नाही अशी बाई आख्ख्या शहरात शोधायची झाली, तर ती आमच्या कारखान्यातच सापडली असती. फाटकाशी पोचलं की आपली सुटी नाणी रखवालदाराच्या हवाली करायची आणि नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा. संध्याकाळी बिल्ला द्यायचा, तेव्हा बसभाड्याची नाणी परत. आत कुणाच्या अंगावर नाणं सापडलं तर ते कारखान्याचंच, ही त्यामागची समजूत. ही सवय इतकी मुरली की अजूनही एखाद्या कचेरीच्या दारात रखवालदार दिसला की माझा हात पर्सच्या छोट्या कप्प्याकडे जातो.

मी तपासणीच्या खोलीत होते. लांबच लांब खोली, उंच खिडक्या, मधोमध रबरी पट्टा आणि दोन्ही बाजूंना आम्ही बायका. ठोकून आलेली नाणी पट्ट्यावरून सरकत यायची. पट्टा संपला की ती खालच्या दुसऱ्या पट्ट्यावर पडायची आणि पडताना उलटी व्हायची, म्हणजे वरच्या पट्ट्यावर एक बाजू बघायची आणि खालच्यावर दुसरी. कुठे छाप सरकलाय, कुठे कडेला धातूचा काटा निघालाय, कुठे अक्षर अर्धवट उमटलंय, असं दिसलं की नाणं उचलायचं आणि कुलूप लावलेल्या लाल डब्याच्या फटीत टाकायचं. हा बाद डबा. त्यातला माल वितळायला जायचा.

नाणं उचलायची आमची एक ढब होती. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या अगदी टोकांत फक्त कडा धरायची, कारण बोट नाण्याच्या तोंडावर लागलं तर घामाचा डाग पडतो. मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटलेली, करंगळी लांब. बाहेरचं कुणी नाणं असं धरत नाही. मी भाजीवाल्यालाही असंच नाणं द्यायची आणि तो म्हणायचा, "आजी, ते काही विंचू नाही."

माझ्या शेजारी बगळी असायची. उंच, सडपातळ, लांब मान. स्टुलावर बसून तिची पाठ धरायची म्हणून ती उभं राहून काम करायची आणि पाय भरून आले की एक चप्पल काढून एका पायावर उभी राहायची. मला सगळ्या घार म्हणायच्या, नजरेसाठी. दुसऱ्या टोकाला एक कबुतर होती, सतत घुमणारी. आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंना आम्ही पाठीमागे गिधाड म्हणत असू, समोर अर्थात मॅडम. एकदा पट्ट्याच्या रुळात माझा अंगठा सापडला. नख मधोमध चिरलं. बगळीनं आपल्या रुमालाची पट्टी फाडून बांधली आणि वर म्हणाली, "घारीचं नख गेलं, आता चोच तेवढी सांभाळ." ते नख आजही मधे रेघ घेऊनच वाढतं.

मग दोन धातूंचं नवं दहाचं नाणं आलं. मध्ये पांढरी चकती, भोवती पिवळी कडी. पहिल्या वर्षी यंत्रं नवी, कारागिरांचे हात नवे, त्यामुळे चकती कडीत नीट बसेना. कधी तिरकी, कधी सरकलेली. बाद डबा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधीच भरायचा. डोळे दुखायला लागायचे बघून बघून. आणि तरी काही नाणी आमच्या नजरेतून निसटून बाजारात गेली असणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्याच वर्षी बगळीची नोकरी गेली. फाटकाशी रोज झडती व्हायचीच, पण त्या दिवशी मधेच, काम चालू असताना झडती जाहीर झाली. बगळीची चप्पल आपटली तर आतून नाणं पडलं, सरकलेल्या चकतीचं. चपलेचा वरचा थर पुढून उचकटलेला होता, नाणं त्या फटीत होतं. चौकशीत तिला विचारलं की पट्ट्यावरून पडलेलं नाणं फटीत शिरलं कसं? तिला काय सांगता येणार? ती एवढंच म्हणाली की चप्पल माझ्या पायात नव्हती, पायाशी पडली होती. माझीही साक्ष झाली. ती असं करणार नाही, असं मी सांगितलं. कशावरून, असं विचारलं. मी म्हटलं, मी तिच्या शेजारी उभी असते. साहेबांपैकी एक जण हसला.

तिचं निवृत्तिवेतनही बुडालं. पुढे तिनं घरी उशांचे अभ्रे शिवले, लोकांच्या मुलांना सांभाळलं. ती रस्त्यात दिसली की खोलीतल्या बाकीच्या बायका दुकानाच्या काचेत काही तरी बघायला लागायच्या. मी मात्र जात राहिले. तिच्या मुलाच्या लग्नात, तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, नवरा गेला तेव्हा. आणि दर रविवारी सकाळी तिचा फोन. दोघी म्हाताऱ्या झालो, गुडघ्यांच्या आणि सुनांच्या गोष्टी केल्या, पण एक विषय ती कधी सोडत नसे. ते नाणं कुणी टाकलं? झडती जाहीर झाल्यावर कुणी तरी घाबरून आपल्याजवळचं नाणं जवळच्या चपलेत सरकवलं, हे तिनं पक्कं धरलं होतं. कोण, ते कळत नव्हतं. ती एकेकीचं नाव घ्यायची, तिचा चेहरा आठवायची आणि सोडून द्यायची. "कबुतर नसेल गं, तिला तेवढी अक्कल नव्हती," असं म्हणून मग स्वतःच हसायची.

आता माझ्या भाच्याकडे येते. धाकट्या बहिणीचा मुलगा. ती गेल्यापासून माझाच. माणूस जीव लावणारा, पण एका जागी टिकेल तर शपथ. फोटो स्टुडिओ काढला, तो बंद पडला. मोबाइलची कव्हरं विकली, ती घरात पडून राहिली. मग नाण्यांचं खूळ लागलं. जुनी, राजामहाराजांच्या काळातली नव्हेत, कारण ती ओळखायला अभ्यास लागतो. हल्लीची, आपल्या हयातीतली नाणी. स्मरणार्थ काढलेली, डबीत बंद करून विकलेली आणि विशेष करून चुकलेली. ऑनलाइन लिलावाच्या साईटवर तो ती घ्यायचा आणि विकायचा. मला मोबाइलवर दाखवायचा की बघ, या नाण्याला कुणी स्कूटरची किंमत लावलीय. मी म्हणायची, लावायला काय, मी माझ्या स्टीलच्या पिंपाला बंगल्याची किंमत लावीन, घेणारा दाखव. तो म्हणायचा, मावशी, घेणारे असतात.

एके दिवशी तो दोन धातूंचं दहाचं नाणं घेऊन आला. पहिल्या वर्षाचं, चकती जरा सरकलेली. किलोवर सुटी नाणी विकत घेतली होती, त्यात मिळालं म्हणाला. मी चष्मा लावून बघितलं आणि सांगितलं की असली आम्ही टोपलीनं काढली आहेत, हे बाहेर पडायलाच नको होतं, दहाला दहा मिळतील. तो म्हणाला, ते असू दे, पण तुम्ही बायका नाणं कसं धरायचात ते दाखव ना. मी दाखवलं. कुणी आपल्या कामाबद्दल विचारलं की म्हातारं माणूस विरघळतं. खिडकीशी उजेडात बसवून त्यानं फोटो काढले आणि मी करंगळी नीट लांब केली.

महिनाभरानं एका रविवारी बगळीचा फोन आला नाही. बरं नसेल म्हणून मी केला. सुनेनं उचलला, त्या झोपल्यात म्हणाली. पुढच्या रविवारी त्या अंघोळीला गेल्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी सुनेनं जरा थांबून विचारलं, "मावशी, तो इंटरनेटवरचा फोटो तुमचाच आहे ना? आईंनी नख ओळखलं."

मी भाच्याला बोलावून घेतलं. त्यानं मोबाइल काढून दाखवलं. माझा हात. चिरलेलं नख, लांब करंगळी, बोटांच्या टोकांत ते नाणं. खाली लिहिलेलं: टांकसाळीतली अस्सल चूक. जे नाणं बाहेर पडायला नको होतं. तपासणी विभागातून निवृत्त झालेल्या महिलेच्या हातून थेट तुमच्या हातात.

मी त्याला विचारलं, मी हे नाणं चोरून आणलं असं कुठून काढलंस? तो खरोखरच गोंधळला. त्यानं एकेक शब्द मला वाचून दाखवला. "तू तपासणीत होतीस, खरं आहे. निवृत्त आहेस, खरं आहे. नाणं तुझ्या हातात आहे, फोटोच आहे. बाहेर पडायला नको होतं, हे तूच म्हणालीस. मावशी, यात खोटं काय आहे?"

शब्द शब्द खरा होता. वाचणारा मात्र एकच अर्थ काढणार, आणि तो अर्थ त्यानं काढावा म्हणूनच ते शब्द तसे मांडले होते. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याच्यावर ओरडावं तर तो माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याचं काय चुकलं ते मीच त्याला समजावून सांगायला हवं. मी बगळीचं सगळं त्याला पहिल्यापासून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तिथल्या तिथे त्यानं जाहिरात काढून टाकली. मला वाटलं, सुटलो.

पण नाणं आधीच विकलं गेलं होतं. घेणाऱ्यानं तोच फोटो आणि तोच मजकूर घेऊन ते दुप्पट किमतीला परत लिलावात लावलं होतं. ते बघून आणखी कुणी आपल्या नाण्याला माझा हात लावला. काहींनी मजकुरात भर घातली होती, एकानं तर मला टांकसाळीची मुख्य अधिकारी केलं होतं. भाचा माझ्या शेजारी बसून एकेक जाहिरात उघडायचा आणि तक्रारीचं बटण दाबायचा. साईटकडून उत्तर यायचं की तुमची तक्रार तपासली, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. फोन करायला नंबर नव्हता. पत्ता नव्हता. मी आयुष्यभर वाईट नाणं बघितलं की उचलून डब्यात टाकत आले. इथे पट्टा चालू होता आणि मला हातच नव्हते. होते ते हात तर पट्ट्यावरूनच सरकत चालले होते.

शेवटी मी बगळीकडे गेले. भाचा म्हणाला, मीही येतो, माझ्या तोंडून ऐकलं तर पटेल.

दार तिनंच उघडलं. मान अजून तशीच लांब, पाठ मात्र वाकलेली. मला भीती होती की दारातून परत पाठवेल, तर तिनं आत बोलावलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, भाच्याला पंख्याखाली बसवलं. बाजूला शिवणाचं मशीन होतं, त्यावर अभ्र्यांची चळत. भाच्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. नाणं कुठून आलं, फोटो का काढला, मजकूर कुणी लिहिला. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "गुणी आहे हो भाचा तुझा. मावशीसाठी एवढं कोण अंगावर घेतं हल्ली?"

तो म्हणाला, "अहो, खरंच मीच..."

"हो रे बाबा. बस, चहा घे."

मग तो सुनेबरोबर कपबशा आणायला आत गेला तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटलं, अगं, मी कधी एक नाणं बाहेर आणलं नाही. तुझ्या चपलेत मी काही टाकलं नाही. तू मला ओळखत नाहीस का?

"ओळखते म्हणून तर," ती म्हणाली. "त्या खोलीतल्या एकूण एक बाईला मी संशयाच्या रांगेत उभी करून बघितलं. तुला नाही केलं. का? तर बाकीच्यांनी तोंड फिरवलं आणि तू येत राहिलीस. म्हटलं, जिनं केलं ती कशाला येईल? किती वेडी मी! जिनं केलं तीच येणार ना गं. मन खात असणार तिचं."

तिच्या घरी जाणं, ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात बसणं, नवरा गेला तेव्हा तिच्याजवळ झोपणं, सगळं तिनं एकाच वाक्यात उलटं करून ठेवलं होतं, खालच्या पट्ट्यावर पडणाऱ्या नाण्यासारखं. मी म्हटलं, "मी नाही केलं. शपथ घेऊ? कुणाची घेऊ?"

"शपथ मीही घेतली होती," ती शांतपणे म्हणाली. "तेव्हा तू माझ्यावर विश्वास ठेवलास. कसा ठेवलास कुणास ठाऊक. मला नाही जमत, घार. माझी कुवत नाही तेवढी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. रडून, ओरडून, तिच्या सुनेला साक्षीला बसवून भांडले असते. पण ती माझ्या हातावरून हात फिरवत होती. म्हणाली, "तुला एक सांगू? मला बरं वाटलं. देवाशप्पथ. इतकी वर्षं उशीला डोकं टेकलं की त्या एकेकीचे चेहरे समोर. ही असेल, ती असेल. ज्यांना कधी भेटणार नाही अशा बायकांचा मनात तळतळाट. आता ते सगळं थांबलं. झोप लागते मला. सुनेला विचार." आणि मग म्हणाली, "तू अडचणीत होतीस तेव्हा. तुझ्या नवऱ्याचं आजारपण होतं. मला आठवतंय. एवढ्याशा नाण्यानं काय भागणार होतं म्हणा, पण माणसाची बुद्धी फिरते. मी सोडून दिलं. तूही सोड."

चहा आला. सूनही येऊन बसली. मी तिच्याकडे बघितलं, तेव्हा "खरंच झोपतात हल्ली," असं काही तरी ती पुटपुटली. मी कप हातात धरून बसले होते आणि मनात दोनच गोष्टी होत्या. हिला पटवून दिलं तर ही आज रात्रीपासून परत सगळ्या खोलीला उभी करणार, एकेक चेहरा, एकेक चप्पल. आणि नाही पटवलं तर मी ती बाई. पटवून देण्यासारखं माझ्याजवळ काही होतं असंही नाही. न घेतलेल्या नाण्याचा पुरावा कुठून आणायचा? मी आणखी एकदा नाही म्हटलं, पण आवाज इतका बारीक आला की माझा मलाच तो खोटा वाटला. ती म्हणाली, "असू दे गं."

निघताना तिनं दोन अभ्रे कागदात गुंडाळून दिले. मी नको म्हणत होते, तिनं पिशवीत कोंबले. बसमध्ये भाचा खिडकीकडे तोंड करून बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, मावशी, मी पुन्हा एकदा जाऊन येऊ का, एकटाच? मी म्हटलं, जाऊ नकोस, तू जितकं खरं बोलशील तितका गुणी ठरशील. त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं नाण्यांचा धंदा सोडलाय, असं म्हणतो. मी विचारत नाही. त्यानं सोडल्यानं काही थांबलेलं नाही. मधे एकदा शेजारणीच्या मुलीनं मोठ्या कौतुकानं मोबाइल पुढे केला की आजी, हे हात तुमच्यासारखेच दिसतात हो. मी म्हटलं, म्हाताऱ्यांचे सगळे हात सारखेच असतात.

पुढच्या रविवारपासून बगळीचा फोन परत सुरू झाला. आधीपेक्षा जास्त मायेनं बोलते. पूर्वी मी गुडघ्यांचं रडगाणं लावलं की ती आपलं लावायची, आता निमूट ऐकून घेते. ते नाणं कुणी टाकलं, हा विषय मात्र ती काढत नाही, कधीच नाही. मी बोलता बोलता गप्प झाले की तिला वाटतं, मला अजून लागून राहिलंय. मग ती घाईघाईनं काही तरी गमतीचं सांगते, सुनेचं, शेजाऱ्यांच्या मांजराचं, आणि मी हसते.

कालच म्हणाली, सुनेला मी बजावून ठेवलंय, घारीला कुणी नावं ठेवायची नाहीत, चुका कुणाच्या हातून होत नाहीत? मी काही बोलले नाही. तिला वाटलं, फोन कट झाला.

"ऐकतेस ना?" ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात ये राहायला. दोन दिवस रहा. आणि मोकळ्या मनानं ये बाई."

मी येते म्हणाले.